बरकतीचा कप

"काय हो, शवपेटीचं माप घेताय की काय?"

कमरेवर हात ठेवून येशी दारात उभी होती. तिच्या कॉफीच्या टपरीत एक सडपातळ तरुण खाली वाकून लाकडी स्टुलाला फीत लावत होता. तो दचकून उठला आणि त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. रागावलेल्या येशीला एकदम हसूच फुटलं.

"स्टेशन..." तो डोकं चोळत म्हणाला. "इथं ट्रेनचं स्टेशन होतंय ना, त्याचा नकाशा मी काढतोय. साहेब म्हणतात, ज्या वस्तीत स्टेशन, तिच्यासारखंच ते दिसलं पाहिजे. म्हटलं, बाक तुमच्या स्टुलाएवढेच ठेंगणे करावेत."

"आधी विचारायची पद्धत नाही वाटतं तुमच्या ऑफिसात?"

"नाही ना. म्हणून तर इथं आलो."

गोडबोल्या मेला! येशीनं मनात म्हटलं आणि कॉफीची मातीची सुरई, जबना, निखाऱ्यावर चढवली.

त्याचं नाव सुराफेल. अदिस अबाबातल्या त्या विणकरांच्या गल्लीत तो मग रोजच येऊ लागला. पत्र्यावर जुलैचा पाऊस ताशा वाजवायचा, आणि हा कोपऱ्यात बसून चित्रं काढायचा... शालींचे रंगीत काठ, टोपल्या टेकवणाऱ्या म्हाताऱ्या, पत्र्याचा उतार. समोरच्या मागावरून गाशे वोल्दे, गल्लीतले सगळ्यांत वयस्क विणकर, ओरडायचे, "पोरी, स्टेशन राहिलं बाजूला, हा तर तुझंच चित्र काढतोय!"

"त्याला नाक नीट काढता येत नाही, गाशे," येशी म्हणायची, आणि नंतर हळूच चित्रात डोकवायची.

एकच गोष्ट तिला खटकायची. दोन कप झाले की तो उठायचा. कॉफी तीनदा ओतायची असते. तिसरा कप बरकतीचा, आशीर्वादाचा. तो न घेता कुणी उठतं का?

"तिसऱ्यात मी विष घालते का रे?"

"राहू दे ना तिसरा... तेवढंच उद्या यायला निमित्त."

येशी लाजली. त्या दिवशी जेवताना तिनं इंजेराच्या आंबूस भाकरीचा पहिला घास करून स्वतःच्या हातानं त्याला भरवला. असा घास आपल्या माणसालाच देतात. तिच्या बोटांना त्याचे ओठ लागले, आणि त्याचे डोळे भरून आले.

"तिखट लागलं?"

"हो..." तो म्हणाला. डाळीत तर त्या दिवशी मिरची नावालाच होती.

पाऊस सरला, माळावर पिवळी फुलं आली, आणि एका सकाळी गल्लीतल्या दारादारांवर लाल रंगाच्या फुल्या उमटल्या. सगळी गल्ली पाडणार होते. स्टेशनासमोर बसगाड्यांना जागा हवी होती.

सुराफेल आला. येशीनं त्याला स्टूल दिलं नाही.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून..."

"आणि माझ्या हातचा घास खाल्लास?"

"मला वाटलं, नकाशा इतका सुंदर काढायचा, की गल्लीला हात लावायला कुणी धजणार नाही. आधी सांगितलं असतं, तर तू मला इथं टेकू दिलं असतंस?"

"नसतंच दिलं! पण चार दारं तरी ठोठावली असती, बोंब तरी मारली असती. तू मूग गिळून बसलास आणि आम्ही तुला कॉफी पाजत राहिलो. केसानं गळा कापलास रे..."

"म्हणूनच तिसरा कप कधी घेतला नाही, येशी. या घराची बरकत कुठल्या तोंडानं घेणार?"

तो गेला. येशी रडली, ओक्साबोक्शी रडली. एवढं होऊनही पाठमोरा सुराफेल तिला बघवत नव्हता, याचाच तिला जास्त राग आला.

पुढल्या वर्षी स्टेशन सुरू झालं. येशी आता शहराच्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहत होती. गाशे वोल्दे तिच्याही पलीकडे. त्यांचा माग जिन्यातून वर गेलाच नाही. उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी तिथं कॉफी करायला येशीला बोलावणं आलं, आणि ती आली. खरं सांगायचं तर त्याला एकदा पाहायला आली.

"वा, अगदी वस्तीसारखं!" पाहुणे म्हणाले आणि एकेक कप घेऊन निघून गेले. कठड्यांवर गाशेंच्या शालींच्या काठांची नक्षी होती. समोर, गल्लीच्या जागी, बसगाड्या उभ्या होत्या.

सुराफेल थांबला. ठेंगण्या बाकावर तिच्याशेजारी बसून त्यानं पहिला कप घेतला, मग दुसरा. या वेळी तो उठला नाही.

"आज तिसरा देशील? माझ्याशी लग्न कर, येशी... मी तुझ्याशिवाय राहू शकत नाही."

"मीही कुठं राहू शकतेय?" ती म्हणाली. होकार अगदी ओठांवर आला होता. जबनेत एका कपापुरती कॉफी होती. तिनं ती कलती केली, आणि तिचा हात तसाच थांबला.

"बाक अगदी बरोबर झालाय, सुराफेल. माझ्या स्टुलाएवढाच."

"मग?"

"तिसरा कप आम्ही आपल्या घरात देतो. तूच सांग, कुठं मांडू?"

त्यानं समोर पाहिलं. एक बस मागे घेत होते, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. हातातला रिकामा कप त्यानं बाकावर ठेवला.

ट्रेन आली. येशी जबना शालीखाली पोटाशी धरून चढली. जबना अजून गरम होती.