भीती किती?

दार चुकलं, एवढंच झालं. कपड्यांच्या दुकानात शिलाईकामाचा माझा पहिलाच दिवस. शिवणाची खोली समजून मी शेजारचं दार उघडलं — आणि आत पंधरा-वीस माणसं उभी. टकली, गप्प, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. त्यातल्या एकानं मान वळवली...

मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं खाली धावली.

"अहो, मी जिवंत आहे!" मान वळवणाराच घाबरला होता. हातात ब्रश, गालाला गुलाबी रंग. दुकानातल्या पुतळ्यांचे चेहरे रंगवणारा रंगारी तो.

"तेच तर वाईट," म्हणत मी मटकन खाली बसले.

आता हसू येतं. सहा वर्षांची असताना अशाच एका दुकानात मी आईचा समजून भलताच हात धरला होता. गार. ओढला, तर तो खांद्यातून निखळून माझ्या मुठीत आला. तेव्हापासून पुतळा दिसला की मी पळतच सुटायचे. आणि इथं मालकीणबाईंनी बजावलेलं — महिन्याभरात दर्शनी काचेत ठेवायच्या पुतळ्याला स्वतः कपडे चढवता आले नाहीत, तर दुसरी शिलाईवाली बघेन. मला तर शिवणाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आवडतही नव्हतं.

रंगाऱ्याला हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी सगळ्या पुतळ्यांच्या डोक्यांवर कापडी पिशव्या चढवल्या! केवढी माया... आणि केवढा भयंकर देखावा. पिशव्यांखाली ते श्वास घेताहेत, असंच मला वाटायला लागलं.

"झाकलं की भीती वाढते," मावशीनं ज्यांच्याकडे नेलं त्या मानसोपचाराच्या बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर दहा पायऱ्या लिहून दिल्या. पहिली, पुतळ्याचा फोटो बघणं. दहावी, त्याचा हात धरणं. "भीतीला शून्य ते दहात आकडा द्यायचा. पळायचं नाही. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत... आणि सोबतीला तो.

"किती?"

"आठ."

"त्यांच्याकडे बघून की माझ्याकडे?"

"चावटपणा पुरे. सात."

रोज एक पिशवी मी काढायची. खालून एक चेहरा निघायचा, पापणी न लवणारा. आकडा चढायचा, मग हळूहळू उतरायचा. शेवटी कोपऱ्यातली एकच पिशवी उरली.

"ती नको. रंग ओला आहे," तो म्हणायचा. आठवडाभर ओला?

मुदतीच्या शेवटच्या दुपारी तो यायच्या आतच मी गेले. पिशवी काढली.

समोर मी होते.

माझेच डोळे. माझ्या भुवईवरचा तीळ. ओठ किंचित उघडे, आत्ता काहीतरी बोलेल अशी... अंगावर सर्रकन काटा आला. दहा! पाय दाराकडे वळले, पण मी थांबले. ती बघत राहिली, मीही बघत राहिले. आठ... सहा...

"पाच," मी मोठ्यानं म्हणाले.

"मी सांगणारच होतो —" मागे तो उभा, पांढराफटक. "तुम्ही म्हणाला होतात ना, सगळे डोळे परके वाटतात... म्हणून ओळखीचे काढायला गेलो. पण मग हात थांबेचना. हल्ली मला दुसरा चेहरा सुचतच नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? जीव गेला असता माझा!" आणि मग मला हसूच फुटलं. "शिवाय नाक चुकलंय."

मी पुतळ्याचा हात धरला. गार होता, पण निखळला नाही. मी शिवलेला पहिला झगा तिच्या अंगावर मीच चढवला. टाचण्या तो देत होता, आणि प्रत्येक टाचणी उलट्या टोकानं.

"भीती किती?" मी विचारलं.

"दहा."

"पुतळ्याची?"

"नाही... तुमच्या उत्तराची."

मी त्याचा हात हातात घेतला. रंगानं चिकट झालेला, आणि किती गरम!

"मग पळायचं नाही," मी म्हणाले. "निम्म्यावर येईपर्यंत इथंच थांबायचं."

जेवणाची सुट्टी संपली. बाहेरून मालकीणबाईंची हाक आली.

"आता किती?"

"अजून नऊच," तो म्हणाला.

खोटारडा कुठला! पण हात मी सोडला नाही.