भुशाची भिंत

धर्मेंद्रने घरामागची टिनाची खोली बांधली ती हौसेने आणि थंड केली ती हट्टाने. धानाच्या मुलखातल्या गोरेगावात त्याचं पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं दुकान. तारेवर आवरण चढवून करंट आत ठेवणं ज्याला जमतं, त्याला खोलीबाहेर ऊन ठेवणं काय जड, असं त्याचं म्हणणं. बायकोने, रेणूने, मिस्त्री बोलवायचं सुचवलं तर त्याने मोबाइलवरचा व्हिडिओ तिच्या नाकासमोर धरला.

खोली मायसाठी होती. सुशीलाबाईचे गुडघे गेले होते आणि जुन्या मातीच्या घराचा उंच उंबरठा तिला ओलांडवत नव्हता. मागच्या खोलीत उंबरठा नव्हता, पण उन्हाळ्यात टिनाखाली माणूस भाजून निघायचा. म्हणून छताला थर्माकोल आणि भिंतींना भुसा, असा बेत ठरला. भिंतीपासून वीतभर आत बांबूचे तट्टे उभे करायचे आणि मधल्या पोकळीत चुना मिसळलेला धानाचा भुसा ठासायचा. आपल्याकडे भुशाला तोटा नाही. राइस मिलवाला उलट नेणाऱ्याचेच उपकार मानतो.

दुकान बंद ठेवून धर्मेंद्र कामाला लागला. टोपलं ओतायचं, मुसळाने ठासायचं, की पुन्हा टोपलं. माय दाराशी खाटेवर बसून बोलत राहायची. नागऱ्याच्या जत्रेत ती लहानपणी कशी हरवली, कोहमाऱ्याला दिलेल्या बहिणीने एका लुगड्यापायी कसा अबोला धरला. धर्मेंद्रचं सगळं लक्ष भुशात. तो नुसता हो हो करायचा. मध्येच ती म्हणायची, "धरमू, ये ना जरा. बस माह्याजवळ." तो म्हणायचा, "हो माय, येऊन राहिलो," आणि पुढचं टोपलं उचलायचा.

खोलीची एक बाजू म्हणजे जुन्या घराच्या स्वयंपाकघराचीच भिंत, आणि तिच्यात छातीच्या उंचीवर एक आरपार कोनाडा होता. एकच दिवा ठेवला की दोन्हीकडे उजेड पडावा म्हणून जुन्या लोकांनी ठेवलेला. वीज आली, दिवा गेला, पण माय मागच्या अंगणातून घरात हाक मारायची ती त्याच कोनाड्यातून. भुसा तिथवर चढला तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्या कामात बोलली.

"त्याले बुजवू नोको, धरमू. माही हाक कुठून जाईल?"

चुलीची धग तिथूनच येते, हे त्याने तिला समजावलं. एवढ्याशा घरात हाक जाते कुठे, असं म्हणून त्याने कोनाडाही गच्च भरला.

नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागला आणि खोलीने धर्मेंद्रची मान ताठ केली. बाहेर उन्हाने डोळे दिपत आणि आत मडक्याजवळ बसल्यासारखं वाटे. आळीतल्या बाया दुपारी तिथे येऊन बसायच्या आणि माय लेकाचं कौतुक सांगता थकायची नाही. फक्त आवाजाचं काहीतरी वेगळं होतं. हातातून ताट पडलं तरी खणखण होत नसे. आवाज उठायचा आणि लगेच कुणीतरी उचलून घेतल्यासारखा नाहीसा व्हायचा. भुसा नीट ठासला गेल्याची ती खूण आहे, असं धर्मेंद्र सगळ्यांना सांगे.

एका संध्याकाळी जेवताना मायने विचारलं, "काल दुपारी हाक मारली तं 'येऊन राहिलो' म्हणालास. मंग आला काऊन नाही?"

काल दुपारी तो दुकानात एक पंप उघडून बसला होता. त्याने तसं सांगितलं. "तुहाच आवाज होता," माय एवढंच म्हणाली आणि भात कालवू लागली. माय आता म्हातारी झाली, असं तो नंतर रेणूला हसत हसत म्हणाला.

त्याच आठवड्यात ती गेली. उन्हामुळे धर्मेंद्र दुपारीच घरी आला होता आणि मधल्या खोलीत कूलर लावून झोपला होता. रेणू स्वयंपाकघरात चिंच फोडत होती. दोघांनाही काही ऐकू आलं नाही. चहा घेऊन रेणू गेली तर माय कोनाड्याच्या भिंतीला टेकून बसलेली, गार. पाय आवरून खाटेच्या एका कडेला सरकलेली. खाली पाण्याचा भरलेला लोटा, त्यावर पेला पालथा घातलेला. खाटेच्या रिकाम्या अर्ध्या भागातली गोधडी दबली होती आणि तिच्यावर थोडा भुसा सांडला होता.

छातीतली कळ, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलं असतं तर कदाचित वाचली असती. धर्मेंद्र त्या दिवसापासून स्वतःला एकच गोष्ट विचारत राहिला: मायने हाक मारली होती का?

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी तो त्या खोलीत जाऊन बसला. जमिनीलगत कुणीतरी बोलत होतं. शेजारचा टीव्ही असेल म्हणून त्याने बाहेर डोकावलं. तो बंद होता. घरचा मेन स्विच पाडला, तरी बोलणं चालूच. मग तट्ट्याला कान लावून जमिनीवर आडवा झाला.

माय नागऱ्याच्या जत्रेची गोष्ट सांगत होती. मधून मधून त्याचाच आवाज, कंटाळलेला: हो. हो माय.

तेव्हा न ऐकलेलं त्याने आता ऐकलं. हरवलेल्या मायला एका कासाराने खांद्यावर बसवून घरी पोचवलं होतं आणि रडू नये म्हणून एक हिरवी बांगडी दिली होती. आपली माय कधी खांद्यावर बसण्याएवढी होती, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. तो तिथेच रडला.

रेणू एकदाच येऊन बसली. "हे काढून टाका जी," एवढं बोलून ती उठली आणि पुन्हा त्या खोलीत आली नाही. पण त्याला तट्टे काढवेनात. रोज दुपारी आवाज थोडा वर चढत होता. आधी गुडघ्याला, मग कमरेला, ज्या क्रमाने त्याने थर ठासले होते त्याच क्रमाने. भुसा उपसला तर सगळंच सांडलं असतं, आणि त्याला जे हवं होतं ते वर, कोनाड्यात होतं.

एका दुपारी आवाज तिथे पोचला.

"माही हाक कुठून जाईल?"

मग त्याचं उत्तर. मग बराच वेळ काहीच नाही.

"धरमू."

धाप लागलेला आवाज. हे काम चालू असतानाचं नव्हतं.

"धरमू, ये रे. छातीत कसंतरीच होऊन राहिलं."

मारली होती. तिने हाक मारली होती. धर्मेंद्रने दोन्ही हात तट्ट्यावर टेकले आणि कपाळही टेकलं.

तेवढ्यात भिंतीतून, अगदी कानाशी, त्याचाच आवाज आला. कंटाळलेला नव्हे. मायेचा.

"हो माय. येऊन राहिलो."

मायने सुस्कारा सोडला. लोट्यावर पेला ठेवल्याचा आवाज झाला. खाट करकरली, ती एका कडेला सरकत होती.

"बस," ती म्हणाली.

आणि खाट पुन्हा करकरली, दुसऱ्या कडेने.