पायथ्याचे हँडल

ज्याने प्रत्येक देहात श्वास ठेवला आणि त्याचा हिशेब मात्र स्वतःजवळ राखला, त्या दयाघनाला आधी नमस्कार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय चेपणे हीच ज्यांनी पूजा मानली, त्या संतसज्जनांच्या चरणांवरही माथा. श्रोतेहो, दिव्याच्या थोडे जवळ सरका. ही कथा काळोखातली नव्हे, ती भर दुपारच्या उजेडात घडली. तरीही सांगताना भोवती माणसे असलेली बरी.

एक कारागीर होता. आजारी आणि अपंग माणसांसाठी घडीच्या खाटा तयार करणे हा त्याचा उद्योग. पाठीकडचा भाग हवा तेवढा उचलता यावा, गुडघ्यांखाली उंचवटा देता यावा आणि काम संपले की सगळी चौकट मिटून भिंतीला टेकवता यावी, अशा त्या खाटा. लहानपणापासून दिसेल ते खोलायचे आणि पुन्हा जोडत बसायचे ही त्याची खोड. म्हणून थोरल्या बहिणीने त्याला खटपट्या म्हणायला सुरुवात केली, आणि खरे नाव मागे पडून तेच सगळ्यांच्या तोंडी बसले.

त्या सकाळी खटपट्या तेलाची बुधली आणि फडके घेऊन घरामागच्या कारखान्यात गेला. काम साधे होते. कोपऱ्यात मिटून ठेवलेली जुनी खाट काढायची, बिजागऱ्यांना तेल द्यायचे आणि पुढच्या खोलीत थोरल्या भावासाठी मांडायची. दादाच्या छातीने दगा दिला होता. पाय सुजले होते, चार शब्दांत धाप लागत होती. डॉक्टर जाताना बजावून गेले होते, "पाठ उंच राहू द्या. सपाट निजवलंत तर मला बोलावू नका, उपयोग होणार नाही."

खाट उघडताच वास आला. सांध्यांना चोळायच्या तेलाचा, उग्र आणि ओला. गादी नवी होती, लोखंड धुऊन पुसलेले होते. खटपट्याने हुंगून पाहिले आणि बुधलीला दोष देऊन कामाला लागला.

ती खाट ताईची होती.

ताईच्या अंगातले बळ एकेक करून निघून गेले होते. पाय गेले, कंबर गेली, मग छातीचे स्नायूही थकले. शाबूत राहिली ती जीभ, आणि हातांत थोडीशी ताकद. पाठ उंच असली की ताई सगळ्या घराला हसवी, रडवी आणि झोडपी. पाठ खाली गेली की मात्र श्वास जगण्यापुरताच पुरे, आणि तोही थोडाच वेळ. बोलण्यासाठी उरत नसे. खटपट्याने आपली पहिली खाट तिच्यासाठीच आखली, आणि पाठ उचलणारे हँडल बसवले पायथ्याशी.

ताईने पाहिले आणि म्हटले, "खटपट्या, ते हँडल माझ्या हाताशी आण."

"ताई, सगळीकडे ते पायथ्यालाच असतं. सेवा करणारा तिथे उभा राहतो ना. रोग्याच्या हाती दिलं तर तो भलतंच फिरवून बसेल."

"आणि धडधाकट माणूस भलतंच फिरवत नाही वाटतं?"

खटपट्या हसला. "बघू पुढच्या खाटेला," म्हणाला. पुढे पुष्कळ खाटा झाल्या, पुष्कळ घरी गेल्या. हँडल जिथे होते तिथेच राहिले. आणि एका दुपारी ताईने त्याच खाटेवर प्राण सोडला. खटपट्या तेव्हा परगावी होता. परत आला तेव्हा खाट सपाट होती. दादा शांतपणे म्हणाला, "तीच म्हणाली, पाठ अवघडली, खाली कर. केली. झोपेतच गेली बिचारी." थोरल्या भावाचा शब्द. खटपट्याने तो उचलून मनात ठेवला आणि वर झाकण लावले.

आता त्याच खाटेवर दादाला निजवायची वेळ आली होती.

"दुसरी नाही का रे, धाकट्या?" दादाने खाटेकडे न बघता विचारले.

"तयार एकही नाही, दादा. तुम्हाला बरं वाटेपर्यंत हीच."

पहिला दिवस बरा गेला. पाठ उंच होती, दादाच्या तोंडावर रंग आला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शेजारचे निवृत्त मास्तर समाचाराला आले. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली. मास्तर म्हणाले, "तुम्ही बहिणीची केवढी सेवा केलीत! तिचीच पुण्याई तुम्हाला उठवून बसवील."

दादा प्रसन्न झाला. "आपलं कर्तव्यच होतं ते. शेवटपर्यंत हँडल मी स्वतःच्या हाताने फिरवलं. तिच्या शब्दाबाहेर कधी..."

कर्र.

एवढाच आवाज झाला. मास्तरांनी खुर्चीखाली पाहिले. दादाचे डोके मघापेक्षा किंचित खाली दिसत होते.

"...कधी गेलो नाही," दादाने वाक्य पुरे केले, आणि पुन्हा कर्र झाले, या वेळी लांब. दादाला ठसका लागला. वहिनींनी धावत जाऊन हँडल फिरवले, पाठ वर घेतली. मास्तर "विश्रांती घ्या" म्हणत निघून गेले.

खटपट्याने खाटेखाली पालथे पडून सगळे तपासले. पाठ उचलणाऱ्या दांड्याचे आटे त्याने इतके दाट पाडले होते की वर बैल बसवला तरी दांडा आपल्या आपण मागे फिरू नये. हँडल फिरल्याशिवाय पाठ खाली येणे शक्यच नव्हते. आणि हँडलजवळ तर कुणीच नव्हते.

"दादा, झोपेत पाय लागला का पायथ्याला?"

"मी जागा होतो, मूर्खा," दादा म्हणाला. त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता.

संध्याकाळी दादाला लाकडी पलंगावर हलवून पाठीमागे उशांची चळत रचली. उशा एकेक करून सरकल्या, छातीत घरघर सुरू झाली, आणि डॉक्टरांचे शब्द आठवून सगळ्यांनी त्याला मुकाट्याने पुन्हा खाटेवर आणले. त्याच्या धापेला दुसरा आधार घरात नव्हता.

तिसऱ्या दिवशी आकाश भरून आले होते. खिडकीतून राखेसारखा उजेड पडला होता. वहिनी स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. खटपट्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा की, भाऊजी."

"ताई गेली त्या दुपारी खाट सपाट करायला तिने खरंच सांगितलं होतं?"

वहिनींचे हात पिठात थांबले.

"तुम्ही कारखान्यात असायचात," त्या कुजबुजल्या. "त्यांची जीभ तुम्हाला ठाऊक आहेच. पाहुण्यांसमोर यांना टोचून बोलायच्या. घरातलं खरं-खोटं सगळं चव्हाट्यावर. मग हे हसून म्हणायचे, 'पुरे आता, ताई, दमलीस,' आणि हँडल फिरवायचे. खाली... अजून खाली... आवाज बंद होईपर्यंत. पाहुण्यांना वाटायचं, किती जपतो भाऊ. आणि त्या नुसत्या डोळ्यांनी बघत राहायच्या, भाऊजी."

"आणि त्या दुपारी?"

"त्या दुपारी पाहुणे निघाले, त्यांना पोचवायला हे फाटकापर्यंत गेले. गप्पा रंगल्या. खाट तशीच खाली राहिली." त्यांनी पीठ पुन्हा मळायला घेतले. "मी विहिरीवर होते. तेवढंच माझं नशीब म्हणायचं, की तेवढंच माझं पाप, कुणास ठाऊक."

पुढच्या खोलीतून आवाज आला. कर्र... कर्र... कर्र.

खटपट्या धावला. दादा एकटाच होता, छताकडे बघत कुणाला तरी म्हणत होता, "तूच सांगितलंस... तूच म्हणालीस..." आणि पायथ्याचे हँडल फिरत होते. घाई नाही, झटका नाही. वाढलेले ताट हातात असलेले माणूस चालते, तसे ते जपून, सावकाश फिरत होते.

खटपट्याने दोन्ही हातांनी ते पकडले. ते थांबले नाही. लहान मुलाचा हात धरून मोठ्या माणसाने पाटीवर अक्षर गिरवून घ्यावे, तसे त्याचे हात त्या हँडलबरोबर फिरू लागले. मुठीवर त्याला थंड, तेलकट काहीतरी जाणवले. दादाच्या ओठांवर निळसर छटा आली.

"ताई," खटपट्या पुटपुटला, "मी... मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे करतो. आत्ता करतो. त्याच्या हाताशी आणतो."

हँडल थांबले.

त्याने पाठ वर घेतली आणि कारखाना गाठला. मनात एकच विचार होता: खाटेची सत्ता निजलेल्या माणसाच्या हाती गेली तर त्याला कुणी खाली पाडू शकणार नाही. दादा स्वतःच स्वतःला सावरील. सामान घेऊन तो परत आला आणि त्याने खाटेच्या बाजूच्या दांडीवर नवे हँडल आणि दातेरी चक्र घट्ट बसवले. आता चक्रापासून खालच्या दांड्यापर्यंत साखळी जोडायची, म्हणजे काम झाले. साखळी मापात तोडायला तो पुन्हा कारखान्यात गेला. वहिनी उशाशी बसल्या होत्या.

तो ऐरणीवर साखळीची कडी ठोकत होता, तेव्हा मधल्या उघड्या दारातून दादाचा आवाज आला. खणखणीत, पूर्वीसारखा.

"बघ, बघ! आपल्या हाताने वर येतोय मी. धाकट्याने डोकं लढवलं खरं. आता कुणाच्या बापाची ताकद नाही मला खाली न्यायची."

खटपट्या बाहेर येऊ लागला आणि उंबऱ्यात थबकला. साखळी त्याच्या हातात होती. बाजूचे हँडल अजून कशालाच जोडलेले नव्हते.

दादा ते मोकळे हँडल मोठ्या हौसेने फिरवत होता, आणि पायथ्याचे हँडल त्याच्या गतीने, अगदी त्याच्याच गतीने, फिरत होते. पाठ वर आली. एखाद्याचे ऐकून घेण्यासाठी त्याला समोर नीट बसवावे, इतकी वर आली आणि थांबली. खोलीत ओल्या तेलाचा वास दाटला. बऱ्याच दिवसांनी दादाची छाती भरून श्वास घेत होती.

खटपट्याला कळले. हा श्वास बोलण्यासाठी दिलेला होता.

"दादा," तो खाटेजवळ गुडघे टेकून म्हणाला, "मी हात जोडतो. आता श्वास आहे तुम्हाला. त्या दुपारी काय झालं ते सांगून टाका. मी काही म्हणणार नाही. वहिनीही म्हणणार नाहीत."

"कुणाला सांगू? तुला?"

"ती ऐकतेय."

दादाने खोलीभर नजर फिरवली. त्याचा ओठ क्षणभर थरथरला. वाटले, आता बांध फुटेल. पण आयुष्यभर ज्या माणसाने घरात शेवटचा शब्द आपला ठेवला, त्याच्या मानेला वाकायची सवय नव्हती. तो सरळ बसला आणि स्पष्ट म्हणाला, "मेलेल्यांचा मला धाक घालू नकोस, धाकट्या. तिनेच सांगितलं होतं. सपाट कर म्हणाली. मी केली. यापलीकडे एक अक्षर नाही."

पायथ्याचे हँडल फिरू लागले.

दादाने हातातले हँडल उलट फिरवले. ते वाऱ्यावर फिरावे तसे नुसते गरगरले. खटपट्या आणि वहिनी दोघेही पायथ्याशी झटले. वहिनींनी तर अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. मग त्यांनी दादाच्या खांद्यांखाली हात घालून त्याला उचलायला पाहिले. तो उचलेना. छातीवर कुणी तळवा ठेवून थोपवावे, तसा तो गादीला चिकटून राहिला. पाठ खाली गेली... अजून खाली... आवाज बंद होईपर्यंत.

आणि तेव्हा, श्रोतेहो, दादा बोलू लागला. त्याचे डोळे वाहत होते, ओठ भराभर हलत होते. एकामागून एक शब्द आकार घेत होते आणि आवाजाविना विरत होते. तो खरे सांगत होता की पुन्हा तेच, हे वहिनींना कळले नाही आणि त्याच्या तोंडाशी कान लावून बसलेल्या खटपट्यालाही कळले नाही. ओठ थांबले तेव्हा खाट सपाट झाली होती.

ती खाट खटपट्याने मोडली आणि लोखंड वितळवायला दिले. पुढे त्याने जेवढ्या खाटा केल्या, त्या सगळ्यांना निजणाऱ्याच्या हाताशी हँडल दिले. ज्यांच्या हातांत बळच नाही, त्यांच्यासाठी पायथ्याचेही राहू दिले. खाटा चांगल्या चालल्या. तक्रार आली तर एकच येते, आणि तीही मोजक्याच घरांतून: पायथ्याचं हँडल कधीकधी खाली फिरतच नाही. कितीही जोर लावा.

खटपट्या जातो. हँडल लोण्यासारखे फिरत असते. घरची माणसे ओशाळतात, चहा आणायला आत जातात. मग अंथरुणावरचे ते माणूस, म्हातारे असो की पोर, मान वळवून त्याच्या मागे दाराकडे बघते आणि हळूच विचारते, "त्या ताई आज तुमच्याबरोबर नाही आल्या?"

श्रोतेहो, तुमच्या घरी कुणी अंथरुणावर असेल, त्याचा श्वास सुखाने चालो. त्याच्या शब्दाला ऐकणारा कान मिळो. त्याच्या पायथ्याशी उभे राहणाऱ्याच्या हातात माया असो आणि मनात देवाचे भय असो. जे दुबळे आहेत त्यांचे रक्षण होवो, जे सबळ आहेत त्यांना सुबुद्धी होवो, आणि ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येक घराचे, प्रत्येक खोलीचे, प्रत्येक अंथरुणाचे कल्याण होवो.