आखूड खिळा

खिळ्याचं माप घ्यायला वेनेल लोहार भर दुपारी देवळाकडे निघाला, तर दारातच रामथानं त्याला अडवलं. मुठीतला दुधाचा दात तिनं त्याच्या तळव्यावर ठेवला.

"बाबा, पडला! नीट ठेव हं. मागच्यासारखा हरवशील."

"नाही हरवत, बाई. हा बघ, कमरेच्या पिशवीत टाकला."

आज पोरीला सहा वर्षं पूर्ण झाली होती. सहा वर्षांपूर्वी याच दिवशी वेनेल असाच खिळा घडवत होता. सुईणीचा निरोप आला आणि गडी हातातलं काम टाकून घराकडे धावत सुटला. त्या वर्षीचा खिळा बोटभर आखूडच राहिला आणि दुसऱ्या दिवशी तसाच ठोकला गेला. आनंदाच्या भरात वेनेलनं गल्लीभर मधाच्या पोळ्या वाटल्या होत्या. "जन्मल्या जन्मल्या पोरीनं बापाच्या कामात खोट आणली," असं म्हणून त्याची बायको हास्ती अजून चिडवायची.

पण गेले अकरा दिवस हास्तीला हसू म्हणून आलं नव्हतं. आतल्या खोलीत बारा वर्षांचा सेथ्रे, त्यांचा थोरला, तापानं फणफणत पडला होता.

आमच्या वेल्झना गावात वर्ष सरलं की नुर्तियादेवीच्या देवळात, भिंतीत एक खिळा ठोकतात. खिळा बसला की वर्ष पक्कं झालं. मग त्यात एका केसाचाही बदल करायची देवांचीसुद्धा प्राज्ञा नाही. सेथ्रे दोन वर्षांचा असताना असाच मरणाला टेकला होता. तेव्हा कौल लावणाऱ्या लारिसकाकांनी बळीच्या मेंढीचं काळीज वाचून मरण पुढे ढकललं होतं. दहा वर्षं, म्हणजे भिंतीत दहा खिळे. नऊ बसले होते. दहावा उद्या सकाळी बसणार होता.

आज पहाटेच वेनेल पुन्हा मेंढी घेऊन काकांच्या दारात गेला होता. म्हाताऱ्यानं वाफाळतं काळीज डाव्या हातावर घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं.

"वरचा उंचवटा आजही नाही रे, वेनेला. सपाट आहे. म्हणजे मरणच."

"अजून ढकला, काका! एक वर्ष तरी! माझं आयुष्य घ्या, माझे हात घ्या..."

"अरे वेड्या, मरण काय बैलगाडी आहे, दरवेळी ढकलायला? एकदा ढकललं, संपलं. दहावा खिळा आत गेला की मरणाचा हातोडेवाला दारात उभा राहणार." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "जा. पोराजवळ बस."

पण बापाचा जीव स्वस्थ कसा बसेल! दहावा खिळा... दहावा खिळा... हेच डोक्यात घुमत होतं. आणि देवळाची पायरी चढता चढता वेनेलच्या मनात आलं, की भिंतीत नऊच्या जागी आठच असले, तर उद्याचा दहावा ठरणारच नाही. नववा ठरेल.

देवळाची राखण करणारी लार्थीआजी उंबऱ्यावर अंजीर सोलत बसली होती. मापाला आलेल्या लोहाराला एकट्याला आत सोडायची रीतच होती.

"पोरगा कसा आहे?" तिनं विचारलं.

"आहे," वेनेल म्हणाला आणि आत शिरला.

आत गारवा होता. गंजलेल्या लोखंडाचा वास, ओठ फुटल्यावर तोंडात येतो तसा. भिंतभर खिळे, बापाचे, आजाचे, पणजाचे. बाहेर ऊन रणरणत होतं, रातकिडे भरदुपारी किर्रर्र ओरडत होते, आणि तो आत आला तसे एकदम थांबले. मग त्याला आवाज ऐकू आला. ठक्... बऱ्याच वेळानं पुन्हा ठक्... फरशीच्या खालून. निळ्या अंगाचा खारून, मेलेल्यांना न्यायला येणारा तो हातोडेवाला, कुठेतरी खाली चालत येत होता.

वेनेलनं सांडशी काढली. शेवटचा खिळा हलेना. त्याच्या अलीकडचा हलेना. एकेकाला सांडशी लावत तो मागे सरकत गेला. लोखंड भिंतीत मुरलेलं होतं, आणि खालचा ठक् ठक् जवळ येत चालला होता.

शेवटून सहावा खिळा मात्र हलला. आखूड होता ना.

दुसऱ्या झटक्याला तो हातात आला. फरशीखालचा आवाज त्या क्षणी थांबला. वेनेलनं भोकात मेण भरलं, वर काजळी फासली. हातातला खिळा कोमट लागत होता. या खिळ्याच्या वर्षी आपण गल्लीभर मधाच्या पोळ्या वाटल्या होत्या, हे त्याला आठवलं. कशाबद्दल, ते काही केल्या आठवेना.

बाहेर आला तर लार्थीआजी उभी होती. हातातलं अंजीर खाली पडलं होतं.

"आत कोण होतं रे तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही."

"मग लहान मूल कोण रडलं?"

वेनेल झपाझप भट्टीकडे गेला. चोरीचा माग राहू नये म्हणून त्यानं तो जुना खिळा नव्या लोखंडात घातला, तापवला आणि दोन्ही ठोकून एकजीव केले. त्यातूनच उद्याचा खिळा घडवला. देवळाचा माणूस आला आणि घेऊनही गेला.

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दारात हास्ती रडत उभी होती.

"अहो, ताप उतरला! पेज मागतोय! दोन वाट्या प्यायला, अजून मागतोय!"

सेथ्रे उठून बसला होता. वेनेलनं पोराला कवटाळलं आणि ओक्साबोक्शी रडला. कितीतरी वेळानं तिघं जेवायला बसली. हास्तीनं चार वाट्या मांडल्या होत्या.

"चौथी कोणाची?" वेनेलनं विचारलं.

हास्ती वाटीकडे बघत राहिली. "हात गेला आपला..." ती म्हणाली. पण वाटी तिनं उचलली नाही. सेथ्रेही दाराकडे बघत होता.

"बाबा, ती कुठंय?"

"ती कोण?"

"...माहीत नाही."

कमरेची पिशवी सोडताना वेनेलच्या बोटाला टोचलं. छोटासा दुधाचा दात. सेथ्रेचे दात तर केव्हाच पडून गेले होते. त्यानं तो दात हास्तीच्या तळव्यावर ठेवला, आणि बाईनं असा हंबरडा फोडला की शेजारीपाजारी धावत आले. का रडतेस, विचारलं तर तिलाही सांगता येईना.

सकाळी अख्खं गाव देवळात लोटलं. भिंतीला नवा खिळा टेकवला, हातोडा वर गेला, आणि वेनेल गर्दी फोडत पुढे धावला.

"ठोकू नका! थांबा! पाया पडतो तुमच्या!"

चौघांनी त्याला धरला. लारिसकाकांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. "वेनेला, अरे शुद्धीवर ये! पोरगं वाचलं ना तुझं? मग आता काय हवंय?"

"त्या खिळ्याच्या आत काहीतरी राहिलंय, काका..."

"काय राहिलंय?"

"आठवत नाही हो! आठवत नाही!"

पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला खिळा डोक्यापर्यंत आत गेला आणि लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली. सेथ्रेनं पुढे येऊन बापाचा हात धरला. वेनेल जमिनीवर बसला होता. दुसऱ्या हातानं तो कमरेची पिशवी चाचपत होता, कालचा दात तरी आहे ना म्हणून.

दात होता. त्याच्याशेजारी आणखी एक होता. ओला, आणि मुळाशी ताजं रक्त.