जर्दाळूच्या बागेपलीकडे

विनीताने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. सारंग, तिचा नवरा, म्हणायचा, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा ब्लॉकच्या लिफ्टची वाट बघावी, ती निदान कधीतरी येते. त्यामुळे त्या रविवारी आईला आर्मेनियन वारशाच्या फेरीला न्यायचं तिने ठरवलं, तेव्हा त्याने सिंगापुरातल्या त्यांच्या सेरंगूनच्या फ्लॅटचं दार उघडून धरलं आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

आई म्हणजे नंदाताई. पुण्यातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत उभा जन्म टूर लीडर म्हणून काढलेली बाई. बर्फात कुडकुडणाऱ्या मराठी मंडळींना तिने परदेशात गरम पिठलं खाऊ घातलं होतं, आणि विमान चुकवू पाहणाऱ्या हौशी खरेदीवाल्यांना दुकानातून ओढून बाहेर काढलं होतं. माइक नसला तरी तिचा आवाज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जायचा. आता मात्र आठवण झिजत झिजत पार संपली होती आणि दिवाळीपासून तर बोलणंही बंद होतं. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची. लेकीकडे बघायची ती बस-स्टॉपवर शेजारी बसलेल्या परक्या बाईकडे बघावं तशी.

विनीताला फार काही नको होतं. आईने एकदा आपल्याकडे बघून ‘विनू’ म्हणावं, एवढंच. डॉक्टरांनी सुचवलं होतं की तिच्या ओळखीच्या कामात तिला न्या. आईचं ओळखीचं काम म्हणजे सहल. तिथल्या मराठी मंडळातला प्रबोध रविवारी मराठीतून फेऱ्या काढतो हे कळल्यावर विनीताने त्याच दिवशी नावं नोंदवली.

प्रबोध हा युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. आठवडाभर पाणी गाळायच्या पडद्यांवर संशोधन करायचा आणि रविवारी इतिहासाचं वेड घेऊन हिंडायचा. सिटी हॉल स्टेशनबाहेर सगळे जमले. टोप्या, छत्र्या, आणि मराठी ग्रुप म्हटल्यावर कुणाच्या तरी पिशवीत चिवडा असायचाच. राफल्स हॉटेल काढणारे भाऊ आर्मेनियन होते, हे ऐकून लोकांनी हॉटेलाकडे जरा नव्या नजरेने पाहिलं. मग उन्हातून फरफटत मंडळी हिल स्ट्रीटवरच्या आर्मेनियन चर्चमध्ये पोचली. पांढरेशुभ्र खांब, लाकडी झडपांच्या खिडक्या, वर निमुळता मनोरा. जवळच अग्निशमन दलाची लाल-पांढरी इमारत. चर्चच्या बाजूला हिरवळ आणि हिरवळीत जुने थडग्यांचे दगड.

प्रबोधने सांगितलं की हे दगड दुसरीकडून इथे आणून ठेवलेत. ज्या दफनभूमीतले ते होते ती कधीच नाहीशी झाली. म्हणजे नावं इथे आणि माणसं भलतीकडेच, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. सिंगापूरच्या राष्ट्रीय फुलाला जिचं नाव मिळालं त्या बाईचाही दगड इथेच, म्हटल्यावर सगळे फोन काढून तिकडे धावले. विनीता आणि आई मागे राहिल्या.

तेवढ्यात नंदाताईंचा पाय एका आडव्या दगडाला लागला. त्यावरची अक्षरं इतकी झिजली होती की कुठल्या लिपीतली तेही कळू नये. विनीताच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “आई, पाय लागला. नमस्कार कर.” लहानपणी पुस्तकाला पाय लागला की आई तिला असंच म्हणायची.

नंदाताई वाकल्या. दगडाला हात लावून कपाळाला नेला, आणि पुन्हा दगडावर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मंडळी, जवळ या. मागच्यांना ऐकू येतंय ना?”

विनीताच्या हातातली बाटली खाली पडली. तो आवाज ऐकून फोटो काढणारी माणसं आपसूक परत आली. टूर लीडरने हाक मारली की यायचं, हे मराठी माणसाच्या अंगातच मुरलेलं असतं. नंदाताईंनी हात लांब करून अग्निशमन दलाच्या इमारतीकडे दाखवलं आणि सांगायला लागल्या. हे समोर तळं. एरवी निळं असतं, आज ढग आहेत म्हणून राखाडी दिसतंय. पाण्यात हात घालू नका, बोटं गोठतात. पलीकडे डोंगर, त्याच्या माथ्यावरचा बर्फ उन्हाळ्यातही वितळत नाही. उतारावर दगडी देऊळ दिसतंय ना, तिथून खाली वाट जाते, जपून या.

लोक आधी गालातल्या गालात हसत होते. मग हसणं थांबलं, कारण वारा सुटला होता. स्मिता नावाची एक बाई इतका वेळ वहीने वारा घेत होती, तिने ओढणी खांद्यावरून घट्ट लपेटून घेतली. सिंगापूरच्या भर उन्हात विनीताच्या हातावर काटा आला. “आजचा मुक्काम इथेच,” नंदाताई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पुन्हा कोरा झाला.

काकू आर्मेनियाला जाऊन आल्यात वाटतं, प्रबोध म्हणाला. तिथे असं तळं आहे, त्याने फोटो पाहिले होते.

घरी आल्याआल्या विनीताने पुण्याला मनोहरकाकांना फोन लावला. हे आईचे जुने सहकारी, त्यांना कंपनीची एकूण एक सहल पाठ. ते म्हणाले, अगं, आर्मेनियाला आपण कधी गेलोच नाही. जवळात जवळ तुर्कस्तान, तेही एकदाच, आणि त्या वर्षी तुझ्या आईला टायफॉइड झालेला. सारंगचं म्हणणं पडलं की टीव्हीवर कधीतरी पाहिलं असेल, डोक्यात कुठे काय अडकून बसतं कुणाला माहीत. विनीताने ते मान्य केलं. खरं सांगायचं तर ते कुठून आलं याची तिला पर्वाच नव्हती. आई बोलली होती. आज तळं बोलली, उद्या लेकीचं नाव बोलेल. तिला रडू आलं आणि तिने ते भांडी घासता घासता उरकून घेतलं.

पुढच्या रविवारी ती आईला आणि सोबत फक्त प्रबोधला घेऊन गेली. त्याच दगडापाशी आईला उभं केलं. नंदाताई नुसत्या उभ्या. हात दगडाला लावून दिला, तरी काही नाही. मग विनीताने जे केलं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही. ती खाली बसली, आईची चप्पल काढली, आणि आईचं पाऊल उचलून त्या दगडावर ठेवलं. “आता नमस्कार कर,” ती म्हणाली.

सहल सोडली होती तिथूनच सुरू झाली. तळ्याच्या काठाने वाट. मग जर्दाळूची बाग, फळं पिकून खाली सडा पडलेला, सांभाळून पाय टाका. भिंतीवर गालिचे वाळत घातलेत. जमिनीत पुरलेल्या भट्टीत बायका लांबलचक रोट्या थापतायत. प्रबोधने मान वर करून वास घेतला. विनीतालाही येत होता, ताज्या भाजलेल्या रोटीचा आणि धुराचा. इथे जवळपास तर काहीच नाही, तो पुटपुटला. नंदाताई हात दाखवता दाखवता मधेच म्हणाल्या, “ही आमची बाग.” आणि मुक्काम जाहीर केला.

परतताना MRT ट्रेनमध्ये जागा मिळाली तेव्हा विनीता म्हणाली, बस, आई. आई उभीच राहिली. पुन्हा सांगितलं, तरी ती नुसती तोंडाकडे बघत राहिली. शेवटी हाताने सीट दाखवली तेव्हा बसली. त्या आठवड्यात घरात सगळं खुणांनीच चाललं. जेव, झोप, आंघोळ, एकही शब्द आईपर्यंत पोचत नव्हता.

प्रबोध शनिवारी मुद्दाम घरी आला. चहाला हात न लावता म्हणाला, विनीताताई, पुरे करू या. काकू दर वेळी लांब जातायत आणि तेवढ्या परत येत नाहीत. सारंगनेही मान डोलावली.

“ती बोलतेय, प्रबोध,” विनीता म्हणाली. “मला घरात मुकी बाई नकोय, मला माझी आई हवीय. तू येऊ नकोस, मी नेईन.”

तरी रविवारी प्रबोध आला. तिला एकटीला जाऊ द्यायला त्याचं मन धजेना.

आभाळ भरून आलं होतं. हिरवळीवर दुसरं कुणी नव्हतं. विनीताने आईचं पाऊल उचललं तेव्हा ते इतकं गार होतं की तिने दोन्ही हातांनी ते चोळलं. मग दगडावर ठेवलं.

बाग संपली, नंदाताई म्हणाल्या. आता घर. दगडी पायऱ्या, अंगणात तुतीचं झाड. खिडकीत दिवा, दारात माणसं.

बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

“दारात कोण आहे, आई?” विनीताने विचारलं.

“वाट बघतायत.”

“कुणाची?”

प्रबोध मागे सरकत सरकत खांबाला जाऊन टेकला होता.

“मंडळी, सहल इथे संपली,” नंदाताई म्हणाल्या. “आत ग्रुपला नेता येत नाही. मी जाऊ?”

त्या विनीताकडे बघत होत्या. थेट. किती दिवसांनी.

विनीताने आईचं मनगट घट्ट धरलं. “आधी माझं नाव सांग.”

“वेडे,” आई म्हणाली. “विनू.”

तिने लेकीच्या गालाला तळवा लावला. तो बर्फासारखा होता, आणि तो आईचाच होता, अंगठ्याने गाल चोळण्याची रीतसुद्धा तिचीच. विनीता हमसून हमसून रडायला लागली. त्या क्षणी आईने काहीही मागितलं असतं तरी तिने हो म्हटलं असतं.

“जाऊ?” आईने पुन्हा विचारलं.

“जा,” विनीता म्हणाली.

गालावरचा हात सुटला.

परतताना टॅक्सीत आईच्या देहातली ती बाई खिडकीशी बसली होती. चेहरा कोरा नव्हता. बाहेरच्या उंच इमारतींकडे, माणसांच्या हातातल्या फोनकडे, स्वतःच्या हातातल्या बांगड्यांकडे ती टक लावून बघत होती. विनीताने तिला दोनदा ‘आई’ म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

सारंगने दार उघडलं. विनीता चपला काढून आत गेली. ती बाई कॉरिडॉरमध्येच थांबली, उंबऱ्याच्या अलीकडे. छातीवर हात ठेवलेला, मान जराशी झुकलेली. लांबून आलेला माणूस परक्याच्या दारात उभा राहतो, तशी. आई, ये ना, सारंग म्हणाला. ती हलली नाही. तिचे डोळे शांत होते, प्रेमळही होते, आणि ते विनीताची परवानगी मागत होते.

विनीताने डोळे पुसले. आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि दारातल्या माणसाला ताटकळत ठेवणं तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं.

“या,” ती म्हणाली. “आत या.”

बाईने मान लववली आणि उंबरा ओलांडला. मग थांबून मागे वळली, आणि रिकाम्या कॉरिडॉरकडे बघून हाताने खूण केली, चला म्हणून.

सारंग दार लावायला पुढे झाला होता. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, वाट मोकळी सोडून, आणि एकामागून एक गार झुळुका त्याच्या अंगावरून आत जात होत्या तोवर तसाच उभा होता.