सुषमावहिनींची शिफारस

ही हकीकत खरी आहे. ज्यांना ती खोटी ठरवायची असेल त्यांनी खुशाल ठरवावी. परंतु आधी शेवटपर्यंत ऐकून घ्यावी. अर्धवट ऐकून वाद घालणाऱ्यांचा नविनला आता वीट आला आहे.

साल दोन हजार सतरा. स्थळ, डहाणू रोड स्टेशनाबाहेरचे नविनचे मोबाइलचे दुकान. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या.

त्या तिन्हीसांजेला जे घडले ते कळण्यासाठी सुषमा कोण होती, हे कळायला हवे.

गाणी तेव्हा अशी हवेतून फोनवर येत नसत. लोक मेमरी कार्ड आणून दुकानातून भरून नेत. चिंचणीचे खलाशी येत, लग्नसराईत उधव्याची, कैनाडची माणसे येत. मागत मात्र सगळे एकच. जे गाजते आहे ते. नविन मुकाट्याने भरून देई. मग त्याची बायको सुषमा काउंटरवर कोपरे टेकून म्हणे, "एवढंच? तेच तेच ऐकून कंटाळाल आणि पाण्यात उड्या माराल!"

आणि कोणी न मागितलेले काहीतरी ती टाकायला लावी. उंबरगावकडच्या भजनमंडळाची गुजराती भजने. कोळीगीतांच्या एका जुन्या कॅसेटची दुसरी बाजू, जी कोणी उलटून लावलीच नव्हती. एका म्हाताऱ्याने वाजवलेला तारपा, ज्यात मध्येच कोंबडा आरवतो. कोण्या अनामिक बाईंचा मारवा.

पुष्कळांना फोनवरची नावे वाचता येत नसत. म्हणून अशा प्रत्येक संग्रहाच्या आरंभी सुषमा आपलाच आवाज भरून ठेवी. "आधी हे ऐका. कोंबडा आरवला की समजायचं, रंगत आता येणार."

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात काविळीने ती गेली.

नविनला तो आवाज सहन होईना. त्याने एकेक करून तिच्या आवाजातल्या सगळ्या सूचना संगणकावरून पुसून टाकल्या. गिऱ्हाइके नेहमीचीच कार्डे पुन्हा भरायला आणीत. भरण्याआधी ती कोरी करावी लागत. तीही त्याने स्वतःच्या हाताने कोरी केली.

दुःखाचा पहिला लोट ओसरला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले...

तिचा आवाज जगात कुठेच उरला नव्हता.

तिच्या एका वाक्यासाठी त्याने काय वाटेल ते दिले असते. मागायचे कोणाकडे?

आता ती तिन्हीसांज.

चिंचणीच्या एका बोटीचा तांडेल, चिमण, कार्ड घेऊन आला. दुकानात उधव्याची सोनूबाई आणि शेजारचा स्टेशनरीवाला जिग्नेश होते.

"नविनभाय, वहिनींनी सांगितलेला बेंजो एकदम झकास! खलाशी नाचून नाचून बोट बुडवायला निघाले होते."

नविनचा हात थांबला.

"कोणी सांगितलेला?"

"सुषमावहिनींनी. सुरुवातीला बोलतात ना त्या."

चिमणला ती गेल्याचे ठाऊकच नव्हते. ते कार्ड नवेकोरे, नविनने त्याच आठवड्यात पाकीट फोडून भरलेले. आणि नाचाच्या बेंजोचा तो संग्रह तलासरीच्या वाजंत्री पार्टीने त्याच उन्हाळ्यात वाजवला होता. सुषमाने तो ऐकणे शक्य नव्हते.

नविनने कार्ड मशीनमध्ये घातले. स्पीकर लावला.

काहीच नाही.

ना बेंजो, ना खरखर. नुसती शांतता...

आणि सोनूबाई खुदकन हसली.

"अशी बोलते ही! म्हणे, गुडघे दुखत असतील तर ऐकू नका, नाचावं लागंल."

चिमणही हसत होता. नविनने जिग्नेशकडे पाहिले. जिग्नेश हसत नव्हता. सुषमाला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्याने काउंटरची कड घट्ट धरली होती आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"जिग्नेश... तुला ऐकू येतंय?"

"भाभीच आहे, नविनभाई," तो कसाबसा म्हणाला. "बंद करा ने."

पण नविन बंद करीना. त्याने कान स्पीकरला लावला. तिघे ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर तिचे शब्द उमटत होते.

त्याला मात्र शांततेपलीकडे काही ऐकू आले नाही.

मग एकाएकी बेंजो सुरू झाला. तो त्यालाही ऐकू आला.

त्यानंतर जिग्नेशने संध्याकाळी त्या दुकानात पाऊल टाकले नाही. नविन मात्र कार्डे भरीत राहिला. कोणी न ऐकलेले शोधून आणी, कार्डावर शेवटी टाकी, आणि गिऱ्हाईक परतले की अधीरपणे विचारी, "काय म्हणाली?" लोक सांगत. कधी ती अभंगांवर बोललेली असे, कधी सनईवर. कधी म्हणे, हे ऐकताना भात लावू नका, करपेल. इतरांच्या तोंडून तो आपल्या बायकोला ऐकत होता. तेवढ्यावर त्याने दिवस काढले.

पण दिवस पालटले. गाणी ज्याच्या त्याच्या फोनवर येऊ लागली. कार्ड भरणारे कमी होत गेले. शेवटी उरला एकटा चिमण, कारण खोल समुद्रात नेटवर्क नव्हते.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीनंतर तो रिकाम्या हातांनी आला.

"यंदा कार्ड नको, नविनभाय. पोरांनी फोनातच भरून घेतलंय सगळं."

चिमणला आता सारे ठाऊक होते. तो खाली बघत म्हणाला, "मागच्या फेरीला त्या बोलल्या. पण गाण्याचं नाही."

"मग?"

"म्हणाल्या... मला ठाऊक होतं तेवढं सांगून झालं. आता तुम्ही सांगा. मी ऐकते."

चिमण गेला. स्पीकर बंद होता. तरीही दुकानात ती शांतता होती, तीच, बेंजोच्या आधीची...

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला नविन शटर अर्धे ओढतो. कुणाच्या खिजगणतीत नसलेला एखादा संग्रह निवडतो. स्पीकरसमोर बसून, घसा खाकरून, त्यात काय चांगले आहे ते रिकाम्या दुकानाला समजावून सांगतो. मग तो लावतो.

एखादा दिवस चुकवायचे धाडस त्याला होत नाही. संग्रह संपला की तो बराच वेळ थांबतो.

ती ऐकते आहे की नाही, हे त्याला सांगायला आता दुकानात कोणीच येत नाही.