फणसपोळीतला बाहेरचा पदार्थ

धाकट्या जावेची फणसपोळी बाद झाली, तर मंदाकिनी तोरसकर यांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. मंगळावर निघालेल्या चौघांच्या शिदोरीचं काम, कारखान्याला नाव, आणि सर्वांत गोड म्हणजे हेमांगीचा उतरलेला चेहरा. या शेवटच्या बाबीसाठी आधीच्या दोन्ही सोडायची त्यांची तयारी होती.

म्हणून त्या अवकाश-आहार प्रयोगशाळेत डॉ. नझीम मुकादमांसमोर बसल्या होत्या. स्वतः अन्नतंत्रज्ञ असल्यामुळे तक्रार नेमकी लिहिली होती. मूळ कृती आपलीच हे दाखवायला, घर एकत्र होतं तेव्हाची, स्वतःच्या हातची एक जुनी पोळीही जोडली होती.

"फळाखेरीज काही नको, हा तुमचा नियम. मग तिच्याच पोळीला ती चव कुठून येते? फणस तर दोघींचा एकाच बागेतला."

"आमच्या चाखणाऱ्यांनी तुमच्या पोळीला निर्दोष म्हटलंय."

"आणि तिच्या?"

"तिची संपली."

मंदाकिनीबाईंनी पदर सारखा केला.

"पण बाहेरचा पदार्थ सापडलाय खरा," मुकादम म्हणाले. "हस्तजीवाणू. प्रत्येकाच्या तळहातावर जीवाणूंची वेगळी वस्ती असते. हेमांगीबाई गर हातानं मळतात, रात्रभर मुरवतात. तेवढ्यात त्यांच्या हातावरचा एक वाण गरात वाढतो आणि सुगंधी द्रव्यं बनवतो. अमकीच्या हाताला चव आहे म्हणतात ना, ती ही."

"म्हणजे भेसळच."

"नियमाप्रमाणे, हो. तो फळातला नाही."

"माझ्याकडे सगळं यंत्रावर. हातमोजे, वर जंतुनाशक. माणसाचा स्पर्शच नाही."

"जाणवतं," मुकादम म्हणाले.

हेमांगीला पत्र गेलं: हात निर्जंतुक करा, लाकडी पाट उकळा, मग नवा नमुना द्या. तिनं महिनाभर जंतुनाशक चोळलं. तळव्यांची सालं निघाली. तिची नवी पोळी निर्दोष ठरली आणि निम्मी उरली. दोन्ही पोळ्या सारख्याच, तेव्हा काम मोठ्या कारखान्याला, म्हणजे मंदाकिनीबाईंना गेलं.

त्यानंतर मुकादमांनी दोघींना बोलावलं.

"प्रकरण मिटवताना वाणाचं मूळ नोंदवावं लागतं. जीवाणूंमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बारीक बदल साचत जातात. त्यावरून आई कोण, लेक कोण ते ठरतं. हेमांगीबाईंचा वाण लेक निघाला. आई इथे सापडली." त्यांनी ती जुनी पोळी पुढे सरकवली. "मेलेली, पण ओळखण्याजोगी. तुमच्या हातची, मंदाकिनीबाई."

"शक्य नाही. माझ्या हातावर तर..." त्या थांबल्या.

"आता नाही. जंतुनाशकानं केव्हाच संपवला."

"हिचा तरी तुम्ही जपून ठेवला असेल ना?"

"भेसळीचे नमुने जाळावे लागतात. नियम आहे."

हेमांगी तळवे बघत होती. "लग्न होऊन आले तेव्हा दोन उन्हाळे एकाच परातीत गर मळला आपण, वहिनी. तेव्हाच आला असणार माझ्याकडे."

"मला काय माहीत?"

"मला तरी कुठे होतं? मागितला असतात, तर हातात हात दिला असता. गेल्या महिन्यापर्यंत."

तिचा चेहरा उतरला होता. तो बघायला मंदाकिनीबाईंनी मान वर केली नाही.

यान गेलं. प्रवासी निर्दोष पोळी अर्धी चघळत, अर्धी परत गुंडाळून ठेवत. जमाखर्च असा: हेमांगीच्या हातांची सालं गेली, चौघांची भूक गेली. मंदाकिनीबाईंच्या हातची चव मात्र दोनदा गेली: एकदा हातमोज्यांनी, दुसऱ्यांदा रीतसर अर्जानं.